अप्पांची झील

परभणीच्या मदरशात गाण्याची पार्टी निघणार असं कळलं, तेव्हा सिद्धलिंगने आपलं नाव द्यायची तसदीसुद्धा घेतली नाही. बोलावणं येणारच, अशी त्याची खात्री होती. आला हजरतांची, म्हणजे निजामसरकारची, जुबिली होऊन गेली, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. सरकारी शाळेला तेव्हा सगळे मदरसाच म्हणत. शिकवणं उर्दूतून असे, आणि खेड्यापाड्यांतून आलेली पोरं घरी मराठी, वर्गात उर्दू आणि भांडताना दोन्ही वापरत. पालमच्या ईश्वरअप्पांचा पोरगा आणि त्याला गळा नाही, असं म्हणायची त्या मुलखात कुणाची छाती नव्हती. बोलावणं आलं, आणि तिथून त्याच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो काही उतरला नाही.

पार्टी काढली होती गुलाम दस्तगीर मास्टरांनी. मास्टर फारसी शिकवायचे, पान खायचे आणि फावल्या वेळात शायरी करायचे. शाळेच्या सालाना जलशाला यंदा खुद्द जिल्ह्याचे तालुकदारसाहेब, म्हणजे कलेक्टरच, येणार होते. त्यांच्यासमोर आठ पोरांनी उभं राहून एक गाणं म्हणायचं होतं, आणि ते मास्टरांनी स्वतः रचून त्याची चालही स्वतःच बसवली होती. सकाळ झाली, आता दारं उघडा, असा काहीसा त्याचा अर्थ. मास्टरांना त्या गाण्याचं भारी कौतुक. व्याकरण सांगता सांगता मध्येच त्यांची बोटं मेजावर ठेका धरायची आणि पोरं समजून जायची की आज काही धडा तपासला जात नाही.

पहिल्या दिवशी शाळेमागच्या कडुलिंबाखाली पेटी आणली गेली. मास्टरांनी एकेकाचा आवाज ऐकला. पोखर्णीचा भुजंग गायला तेव्हा झाडावरचे कावळे उडाले. शेतात माळ्यावर चढून पाखरं हाकलताना लावतात तोच आवाज त्याने इथे लावला होता. कापडवाल्यांचा बन्सीधर नाकात गायला. मग सिद्धलिंगची पाळी आली. मास्टरांनी सूर धरला आणि म्हणाले, "हाँ, शुरू करो."

सिद्धलिंग उभा राहिला. नुसता उभाच राहिला.

"शुरू करो मियाँ, गला घर पो रख को आये क्या?"

"तुमी म्हना की आधी," सिद्धलिंग म्हणाला, "मग म्या घेतो."

बाकीचे सातही जण खो खो हसले. सिद्धलिंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याला सूर कळला होता, शब्द पाठ होते, तोंडही उघडलं होतं. पण पहिला शब्द बाहेर ढकलायला जे काही लागतं ते त्याच्यापाशी नव्हतंच. मास्टरांनी ओळ म्हणून दाखवली, तशी ती त्याने अशी काही उचलली की हसणाऱ्यांची तोंडं मिटली. मास्टर पेटीवरचा हात तसाच ठेवून त्याच्याकडे बघत बसले.

याचं मूळ होतं पालमच्या मठात. तिथे दर सोमवारी दिवेलागणीला भजन व्हायचं. वीणा ईश्वरअप्पांच्या गळ्यात. त्यांनी ओळ घ्यायची आणि बाकीच्यांनी ती खाली पडू न देता वरच्यावर झेलून परत म्हणायची. त्या झेलण्याला झील म्हणत. अप्पांचं गावात धान्याचं दुकान होतं. दुकानात माणूस मऊ, गिऱ्हाइकाशी कधी चढ्या आवाजात बोलायचा नाही. पण वीणा गळ्यात पडली की त्यांच्यापुढे मठाचे महाराजसुद्धा सूर काढत नसत. सिद्धलिंग बोबडं बोलायचा तेव्हापासून त्यांच्या डाव्या हाताला बसून झील धरत आला होता. अप्पांची ओळ कुठे वळणार आणि कुठे उतरणार, हे त्याला आधीच कळायचं. झील धरावी तर सिदूनं, असं सगळं पालम म्हणायचं. लहानपणी हे कौतुक गोड लागलं. मिसरूड फुटल्यावर त्याचा वीट यायला लागला.

गेल्या श्रावणात त्याने धीर करून विचारलंही होतं. "अप्पा, आज एक ओळ म्या घेऊ का?"

"कशापायी?" अप्पा म्हणाले. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. "म्या हाय की अजून."

संपलं. बाप गातोय तोवर मुलाने झील धरायची, हा तिथला रिवाज. आणि अप्पांची छाती पाहता ते म्हातारे होऊन वाकले तरी गातच राहणार होते. सिद्धलिंगला बापाच्या मरणाची वाट बघायची नव्हती, शंभूची आण, खरंच नव्हती. त्याला फक्त एकदा, एकच गाणं, चारचौघांसमोर आपल्या तोंडाने सुरू करायचं होतं. जन्मभर काय दुसऱ्याच्या ओळीच झेलत बसायचं? रात्रंदिवस त्याच्या डोक्यात हेच घोळायचं. आणि आता ती संधी पुढ्यात आली, तर आपलं तोंडच उघडत नाही, याचा त्याला इतका संताप आला की त्या दिवशी तो नागुबाईआत्याकडे जेवलासुद्धा नाही. आत्याच्या घरी तो शिकायला राहिला होता. तिला वाटलं, भाजी खारट झाली.

मास्टर मात्र खमके निघाले. त्यांनी ठरवून टाकलं की पहिल्या दोन ओळी सिद्धलिंगनेच एकट्याने म्हणायच्या. भुजंगने विचारलं, ज्याला सुरूच करता येत नाही त्यालाच का म्हणून? मास्टर म्हणाले, "तेरे कू शुरू करना आता, बेटा, गाना नै आता. इसकू गाना आता. जो नै आता वो सिखाना मेरा काम है." आणि त्यांनी सिद्धलिंगला एक युक्ती सांगितली. असं समजायचं, की तुझ्या आधी कुणीतरी गाऊन गेलंय आणि तू त्याची ओळ उचलतोयस.

युक्ती लागू पडली, पण तिने दुसराच ताप झाला. सिद्धलिंग डोळे मिटून कुणाचातरी आवाज कानात आणू बघायचा आणि दर वेळी यायचा तो अप्पांचाच. अप्पा मनातल्या मनात ओळ घ्यायचे आणि मग याचा गळा सुटायचा. म्हणजे इथे परभणीतही, इतक्या लांब येऊनही, झीलच! त्याने मास्टरांचा आवाज आठवून पाहिला, आत्याच्या गल्लीतल्या फकिराचा आठवून पाहिला, एकदा तर वैतागून भुजंगचा आठवला. काही जमेना. मग एका शुक्रवारी, शाळेला सुट्टी असताना, तो एकटाच त्या लिंबाखाली गेला आणि रागारागाने, कुणाचाच आवाज न आठवता, त्याने पहिला शब्द जवळजवळ ओरडून टाकला. पुढची ओळ आपसूक आली. त्याने पुन्हा केलं. पुन्हा आली. घरी जाताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि आत्याने केलेली पिठलं-भाकरी त्याने दुप्पट खाल्ली.

एवढ्यावर गाडं सुरळीत चालायला हरकत नव्हती. पण मास्टरांच्या गाण्यात एक खोड होती. सिद्धलिंगने पहिली ओळ म्हणायची, आणि मग सगळं थांबायचं. पेटी बंद, ठेका बंद, आठही तोंडं बंद. एक लांब श्वास घेण्याइतका वेळ कुणी हूं की चूं करायचं नाही. मग सिद्धलिंगनेच दुसरी ओळ घ्यायची, वरच्या पट्टीत, एकट्याने. त्यानंतर सगळ्यांनी मिळून पुढे जायचं. "ये चुप बी गाना है," मास्टर सांगायचे. "दरवाजे पो दस्तक दिये तुम. अब खुलने की राह देख रहे. समझे?"

पोरांना समजलं, पण त्यांच्या गळ्यांना समजलं नाही. पार्टीतली सगळी पोरं कुठल्या ना कुठल्या देवळात, मठात नाहीतर दर्ग्यात गाऊन मोठी झालेली. कुणी ओळ टाकली की दुसऱ्यांनी ती उचलायची, एवढं एकच गाणं त्यांना माहीत. सिद्धलिंगची पहिली ओळ संपली रे संपली की भुजंग तिच्यावर झडप घालायचा, आणि भुजंगच्या मागोमाग सगळी पलटण. सिद्धलिंग वरच्या पट्टीसाठी श्वास भरून उभा, आणि भोवती हा गलबला. दुसरी ओळ त्याच्या घशातच राहायची.

"अरे गप ऱ्हा की रे!"

"म्या काय करू?" भुजंग रडकुंडीला येऊन म्हणायचा. "ओळ अशी मोकळी सुटली की माजं तोंड आपोआप उघडतंय. लय वंगाळ वाटतंय गप बसून."

आठवडेच्या आठवडे असे गेले. मास्टरांनी मेज बडवलं, टोपी काढून आपटली, एकदा तर पानाची डबी फेकली. सिद्धलिंगच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जगात एवढ्या लोकांना काही ना काही करता येतं, आणि या सातजणांना एक श्वासभर गप्प बसता येऊ नये? त्याने भुजंगला शिव्या दिल्या, बन्सीधरशी अबोला धरला, आणि शेवटी स्वतःच्या उपरण्याचं टोक भुजंगच्या हातात देऊन म्हणाला, माझी ओळ संपली की हे दातांत धर. भुजंगने धरलं. उपरण्याला दातांची भोकं पडली, पण हळूहळू चुप जमायला लागली.

आणि जलशाच्या आधी ज्या दिवशी ती पहिल्यांदा पुरती जमली, त्या दिवसाचं काय सांगावं! पहिली ओळ गेली. सगळे थांबले. लिंबाच्या पानांची सळसळ तेवढी ऐकू आली, आणि दूर स्टेशनात इंजिन पाणी भरत होतं त्याचा आवाज. मग सिद्धलिंगने दुसरी ओळ घेतली. त्या शांततेतून ती अशी वर चढली की त्याला स्वतःलाच कळेना, हा आवाज आपला आहे की काय. मास्टरांनी डोळे पुसले आणि पान थुंकायच्या निमित्ताने पाठ फिरवली. याच्यासाठीच आपण एवढं केलं, हे सिद्धलिंगला लख्ख कळलं. सुरू करणं तर होतंच. पण आपण सुरू केलेलं गाणं तसंच पुढे नेणं, मध्ये कुणी हात न घालता, ही खरी चैन होती. आता फक्त जलशात, सगळ्या जिल्ह्यासमोर, ती दुसरी ओळ एकदा म्हणायची राहिली होती.

घरी त्याने कळवलं नाही. मुद्दामच नाही कळवलं. अप्पा आले की आपण पुन्हा त्यांच्या डाव्या हाताला बसलेलं पोर होऊ, अशी त्याला धास्ती होती. पण नागुबाईआत्याच्या पोटात गोष्ट कसची राहते! पालमकडे निघालेल्या एका गाडीवानाजवळ तिने निरोप धाडला, आणि जलशाच्या दिवशी दुपारी अप्पा दारात हजर. गाडी जुंपून गंगाखेड, तिथून रेल्वेने परभणी. कपाळाला ताजं भस्म, अंगात लग्नातला कोट, डोक्याला नवा फेटा, आणि हातात सिद्धलिंगच्या आईने, शांतम्माने, बांधून दिलेल्या धपाट्यांचं गाठोडं.

"एवढं गाणार हायस म्हनं," अप्पा म्हणाले, "अन् बापाला पत्ता न्हाई?"

"लय मोठं काई न्हाई अप्पा. तुमी मागं बसा. गर्दी ऱ्हाईल."

"तू गाणार अन् म्या मागं बसू?"

हुरड्याचे दिवस, हवेत गारवा, आणि सिद्धलिंगला घाम फुटलेला. बापाला गाण्याची रीत समजावून सांगावी हे त्याच्या मनातही आलं नाही. बापाला गाण्यातलं काय सांगायचं? तो पार्टीकडे पळाला. मांडवाच्या दारावरच्या चपराशाने अप्पांच्या फेट्याकडे आणि कोटाकडे पाहिलं आणि त्यांना अदबीने तिसऱ्या रांगेत खुर्ची दिली.

तालुकदारसाहेब आले. हार झाले, भाषणं झाली, एका पोराने फारसीत काहीतरी म्हणून दाखवलं, ते कुणालाच कळलं नाही आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पार्टी उभी राहिली. मागे खेड्यांवरून आलेले पालक दाटीवाटीने बसले होते. मास्टरांनी पेटीवर सूर धरला. 

सिद्धलिंगने तोंड उघडलं आणि पहिला शब्द बाहेर पडला. कुणी दिला नाही, कुणी ढकलला नाही. त्याचा त्यानेच घेतला. ओळ सरळ मांडवावरून पसरत गेली, मागच्या रांगेतली कुजबुज थांबली, तालुकदारसाहेबांनी मान वर केली. ओळ संपली. पेटी थांबली. भुजंगने उपरणं दातांत घट्ट धरलं होतं, डोळे बाहेर यायचे बाकी होते. सगळा मांडव गप्प. सिद्धलिंगने दुसऱ्या ओळीसाठी छातीभर श्वास घेतला.

आणि तिसऱ्या रांगेत ईश्वरअप्पा उभे राहिले.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. मठात गातात तशाच भरल्या आवाजात त्यांनी मुलाची ओळ उचलली. उर्दू शब्दांची दशा झाली. पण चाल एकदाच ऐकून त्यांनी जशीच्या तशी धरली होती, एक स्वर इकडचा तिकडे नाही. भुजंगच्या तोंडातून उपरणं गळून पडलं. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं आणि त्याने अप्पांच्या आवाजात आपला आवाज घातला. मग बन्सीधर, मग सगळेच. मागचे पालकही कुठले गप्प बसतात! त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि तीच ओळ उचलून धरली. सगळा मांडव पहिलीच ओळ घोळून घोळून गायला लागला.

सिद्धलिंगने दुसरी ओळ घेतली. कुणालाच ऐकू गेली नाही. त्याने पुन्हा घेतली. वरच्या पट्टीत त्याचा आवाज त्या गदारोळात फाटला आणि त्याला खोकला आला. मास्टरांचे हात पेटीवर नुसते पडून होते. थोड्या वेळाने, दुसरं काही करता येत नाही म्हणून, तेही लोकांच्या ठेक्याला साथ करू लागले. पुढचं गाणं पोरांनी कसंबसं उरकलं. दुसरी ओळ कुणी म्हटलीच नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे, जलसा पडला नाही. पडला असता तर निदान कुणीतरी हळहळलं असतं. तालुकदारसाहेबांना वाटलं, हे सगळं ठरवूनच बसवलंय. ते हातातली छडी हलवत ठेका धरत होते, आणि शेवटी "बहोत खूब" म्हणाले. बाहेर अप्पांभोवती घोळका जमला. "ईश्वरअप्पा, बहार आनली बगा!" ज्याला त्याला अप्पांचा गळा दिसला. गाण्याचा खून झालाय हे फक्त पार्टीला आणि मास्टरांना ठाऊक होतं, आणि पार्टीतल्या निम्म्यांना मजाच वाटली होती. मास्टरांनी पेटीवर कापड घातलं. सिद्धलिंग समोर जाऊन उभा राहिला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुम्हारी गलती नै बेटा." त्यांनी एक ठेवून दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

परतीच्या गाडीला वेळ होता. बाप-लेक स्टेशनच्या रस्त्याने चालत निघाले. अप्पांचा चेहरा खुललेला, चाल हलकी. ते मध्येच पहिली ओळ गुणगुणत होते. तीच. सिद्धलिंग काही वेळ दात आवळून चालला आणि मग भर रस्त्यात थांबला.

"तुमाला घडीभर गप बसता येत न्हाई का हो अप्पा?"

अप्पाही थांबले. "काय झालं रं?"

"काय झालं म्हनून इचारायलाव? कोनी सांगितलं व्हतं तुमाला मदी गायला?"

"अरं, तुजी ओळ खाली पडायली व्हती," अप्पा म्हणाले. ते अजून गोंधळलेलेच होते. "तू एवढी गोड ओळ घेतलास, अन् बाजूची सगळी पोरं तोंड दाबून उभी. एकानं उचलली न्हाई. सगळ्या जिल्ह्याच्या म्होरं माज्या लेकराची ओळ कोनी उचलंना, अन् म्या बसून ऱ्हाऊ?"

सिद्धलिंगला कळलं. पालमच्या मठात गावाने एखाद्याशी व्यवहार तोडला, की त्याला तसं तोंडाने कुणी सांगायचं नाही. तो भजनाला यायचा, त्या दिवशी मंडळी मुद्दाम त्यालाच ओळ घ्यायला सांगायची, आणि त्याने ती घेतली की सगळे टाळ मांडीवर ठेवायचे. ओळ तशीच खाली पडायची. माणूस उठून जायचा तो पुन्हा मठाची पायरी चढायचा नाही. अप्पांनी आज तिसऱ्या रांगेतून तेच पाहिलं होतं. त्यांच्या पोराला सात जणांनी वाळीत टाकलं होतं. हे सगळं त्याला कळलं, आणि कळल्यामुळे राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. चूक कुणाची म्हणून बोट दाखवायलाही जागा उरली नव्हती.

"ती चुप व्हती अप्पा! गान्यातलीच व्हती! किती दिस घासली आमी ती!"

"गान्यात चुप?" अप्पांनी खरोखर विचार केला. "गान्यात चुप कशाला लागती?"

आता याला काय सांगावं? सिद्धलिंगच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही त्याला राग आला. "ते तुमाला न्हाई कळायचं. जलमभर तुमीच गायलाव, तुमीच. आज एक दिस माजा व्हता. ह्याच्या म्होरं ध्यानात ठेवा, म्या गायलो की तुमी तोंड उघडायचं न्हाई. कधीच न्हाई. गप बसायचं."

रस्त्यावरून एक टांगा गेला.  बापाशी असं बोललेलं पालममध्ये कुणी ऐकून घेतलं नसतं. सिद्धलिंगलाही वाटलं, आता कानाखाली बसते. पण अप्पांनी फक्त मान हलवली. "बरं," ते म्हणाले. मग आठवण झाल्यासारखं गाठोडं त्याच्या हातात दिलं. "धपाटे खा. तुज्या मायनं तीळ घातलेत." आणि ते एकटेच स्टेशनात गेले.

पार्टी पुन्हा जमली नाही. मास्टरांनी एकदोनदा नाव काढलं, पण कुणाचा जीव रमेना. शाळेचं साल संपता संपता मास्टरांची बिदरला बदली झाली. जाताना त्यांनी सिद्धलिंगच्या पाठीवर हात ठेवला. ती दुसरी ओळ शांततेत कशी वर जायची हे आता फक्त लिंबाखालच्या आठ पोरांनाच माहीत राहिलं, आणि भुजंगला विचारलं तर तो म्हणायचा, त्यापेक्षा जलशातच मजा आली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सिद्धलिंग पालमला गेला तो राग घेऊनच. अप्पा नेहमीसारखेच वागत होते. दुकान, पूजा, जेवण. गाण्याचा विषय त्यांनी काढला नाही, यानेही काढला नाही. सोमवारी दुपारी शांतम्मा त्याला वाढता वाढता म्हणाली, "सिदू, तुज्या अप्पाला काय झालं व्हतं रं परभणीत? आल्यापून गावभर सांगत हिंडलेत, म्या पोराची झील धरली म्हनून. वाटंवरच्या मानसाला थांबवून सांगायचे. सारं गाव नवल करतंय. त्यांनी कोनाची झील धरल्याली म्या तर कधी बगितली न्हाई. माजे सासरे गेल्यापून कोनाचीच न्हाई."

सिद्धलिंगचा घास हातातच राहिला. त्याने त्या गोष्टीकडे या बाजूने कधी पाहिलंच नव्हतं. अप्पांनी गाणं आपल्या हातून काढून घेतलं, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. पण अप्पांनी ओळ घेतली नव्हती. उचलली होती. त्याच्या मागून म्हटली होती. सगळ्या जिल्ह्यासमोर उभं राहून तो माणूस पोराच्या डाव्या हाताला जाऊन बसला होता, आणि पोराने त्याला भर रस्त्यात गप्प केलं होतं.

दिवेलागणीला दोघे मठात गेले. मंडळी जमली, समया लागल्या. सिद्धलिंग सवयीने डाव्या हाताला बसू लागला तसं अप्पांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. वीणा खुंटीवरून काढली आणि त्याच्या गळ्यात घातली.

"अप्पा, तुमी हाव की अजून," तो कसाबसा म्हणाला.

"म्या तुला ऐकलंय," अप्पा म्हणाले. "घे."

मंडळींत चुळबुळ झाली, मग ती शमली. वर्षानुवर्षं हवं होतं ते गळ्यात पडलं होतं आणि सिद्धलिंगच्या मनात आनंदाचा कण नव्हता. अप्पांकडे एकदा बघावं आणि त्यांनी आपल्याकडे बघावं, एवढंच त्याला वाटत होतं. अप्पा त्याच्या डाव्या हाताला मांडी घालून बसले. त्याने पहिली ओळ घेतली. ती नीट निघाली. सगळ्या मठाने ती उचलली, टाळ वाजले, मृदंग बोलला. पण त्या झिलीत एक जागा मोकळी होती. त्याने ओळ पुन्हा घेतली, या खेपेला मुद्दाम डावीकडे मान वळवून. मठाने पुन्हा उचलली. अप्पा ओठ मिटून, हात मांडीवर ठेवून, खाली बघत ऐकत होते.

"अप्पा," तो वीणेवरची बोटं थांबवून हळूच म्हणाला. "झील?"

अप्पांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. राग असता तर तो पायाशी पडला असता, रडला असता, काहीतरी झालं असतं.

"तूच म्हनलास की, तू गायलास की म्या गप बसायचं," अप्पा म्हणाले. अगदी सरळ, दुकानात भाव सांगावा तसं. "म्या बसलोय. तू घे म्होरं."

सिद्धलिंगने तोंड उघडलं. काय बोलायचं ते सगळं त्याच्या मनात होतं, पण त्यातला पहिला शब्द काही बाहेर पडेना. टाळकरी त्याच्या तोंडाकडे बघत खोळंबले होते. शेवटी त्याने पुढची ओळ घेतली.